दोन तारे, पण कोणाचे? देशोदेशीच्या सेनाधिकाऱ्यांचे हुद्दे ताडून पाहण्याची रीत

दापोलीच्या आमच्या घरात पडवीतून माजघरात जाताना दारावर एक रंगीत फोटो आहे, १९८६ सालचा. काका गणवेशात उभे आहेत, खांद्यावर दोन तारे. कार्याला आलेला पाहुणा फोटोकडे बघतो आणि हमखास विचारतो, ‘लेफ्टनंट होते ना?’ लहानपणी मीही शाळेत तेच सांगायचो. एकदा काकांनीच फोटो खाली काढला, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘तारे मागाहून मोज. आधी खालची ही फीत बघ.’ ताऱ्यांच्या खाली लाल-पिवळी बारीक फीत होती. ती फीत आहे म्हणून ते सुभेदार. नसती तर लेफ्टनंट.

एवढ्याशा फितीने माणूस एका शिडीवरून दुसऱ्या शिडीवर जातो. आपल्याच सैन्यात ही गत, तर फ्रान्स, रशिया, चीनच्या अधिकाऱ्यांचे हुद्दे ताडताना किती घोटाळे होत असतील! आमच्या बाजूला सैन्यातला माणूस न दिलेली वाडी शोधावी लागते. मुलं युद्धांची पुस्तकं वाचतात, बातम्या बघतात आणि विचारतात, ‘त्यांचा मेजर जनरल म्हणजे आपला कोण?’ या प्रश्नाचं उत्तर नीट काढता यावं म्हणून ही रीत लिहितो आहे. वही घ्या, पानावर उभ्या रेघा मारा आणि सोबत चला.

पहिली पायरी : आपली शिडी आधी पाठ हवी

दुसऱ्याचं माप घ्यायचं तर आपली काठी पक्की लागते. भारतीय भूदलात अधिकाऱ्यांची शिडी खालून वर अशी: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल आणि सर्वांत वर फील्ड मार्शल. फील्ड मार्शल हा मानाचा हुद्दा. आपल्याकडे तो दोघांनाच मिळाला, १९७३ मध्ये सॅम माणेकशा यांना आणि १९८६ मध्ये करिअप्पा यांना.

आता खांदा बघा. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन. मेजरला अशोकस्तंभाचे सिंह. तिथून पुढे सिंह आणि तारे एकत्र येतात: लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा, कर्नलला सिंह आणि दोन, ब्रिगेडियरला सिंह आणि तीन. मेजर जनरलपासून तलवार आणि दंड यांची फुली येते. फुलीवर तारा असला तर मेजर जनरल, सिंह असले तर लेफ्टनंट जनरल, दोन्ही असले तर जनरल.

इथे नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो. ब्रिगेडियरच्या खांद्यावर तीन तारे दिसतात, पण त्याला म्हणतात ‘वन स्टार’. हे वन स्टार, टू स्टार खांद्यावरून मोजत नाहीत. गाडीच्या पाटीवर आणि कॉलरच्या लाल पट्टीवर जे तारे असतात त्यांचा हा हिशेब. ब्रिगेडियर एक, मेजर जनरल दोन, लेफ्टनंट जनरल तीन, जनरल चार, फील्ड मार्शल पाच. वहीत या दोन गोष्टींना दोन वेगळे रकाने ठेवा, ‘खांदा’ आणि ‘दर्जा’.

सुभेदारांची शिडी वेगळ्या पानावर लिहा. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. जवान आणि अधिकारी यांच्या मधला हा दुवा. मंडणगडच्या आंबडव्याचे रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, ब्रिटिश काळातल्या सैन्यात सुभेदार होते. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या सैन्यात या हुद्द्याला नेमकी जोडी नाही. ओढूनताणून जोडी लावू नका. सुभेदाराला सुभेदारच लिहा.

लेफ्टनंट जनरल वर का?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. मेजर लेफ्टनंटच्या वर, मग मेजर जनरल लेफ्टनंट जनरलच्या खाली कसा? उत्तर शब्दांच्या जुन्या अर्थात आहे. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा धरणारा. आपल्याकडे ज्याला नायब म्हणत, मुतालिक म्हणत, तोच हा माणूस. जनरलचा नायब तो लेफ्टनंट जनरल, म्हणजे जनरलच्या लगेच खालचा. आणि मेजर जनरलचं जुनं नाव सार्जंट मेजर जनरल होतं. पुढे ‘सार्जंट’ गळून पडलं. तेव्हा या मेजरचा आणि बटालियनमधल्या मेजरचा तसा संबंध नाही. हे एकदा कळलं की क्रम कधी चुकत नाही.

दुसरी पायरी : कर्नलचा खुंट पकडा, तिथून वर मोजा

होडी बंदराला लागली की आधी दोर खुंटाला बांधतात, मग माल उतरवतात. हुद्दे ताडताना तो खुंट म्हणजे कर्नल. भाषा कुठलीही असो, कर्नल हा जनरल मंडळींच्या उंबरठ्यावरचा अधिकारी. रशियात त्याला पोल्कोव्हनिक म्हणतात, जर्मनीत ओबर्स्ट, नेपाळात महासेनानी. नाटोने आपल्या सदस्य देशांसाठी जी ओएफ मोजपट्टी केली तिच्यात कर्नल ओएफ-५ वर बसतो. भारत नाटोत नाही, पण पट्टी म्हणून ती आपल्यालाही उपयोगी पडते: ब्रिगेडियर ६, मेजर जनरल ७, लेफ्टनंट जनरल ८, जनरल ९, फील्ड मार्शल १०.

अमेरिकेची स्वतःची पगारश्रेणी मात्र वेगळी. तिथे कर्नल ओ-६ असतो, कारण लेफ्टनंटच्या दोन पायऱ्या ते वेगळ्या मोजतात. ओ-६ वाचून ओएफ-६ समजलात तर सगळी शिडी एका घराने सरकली. मी स्वतः एकदा शाळेच्या २६ जानेवारीच्या फलकावर असा तक्ता लावला होता आणि पाहायला आलेल्या एका माजी सैनिकाने ती चूक दाखवल्यावर तो पुन्हा लिहून काढला. तेव्हापासून आकड्याआधीची अक्षरं मी दोनदा वाचतो.

आता रशियाची शिडी कर्नलपासून वर मोजून बघा. पोल्कोव्हनिक, मग लगेच जनरल-मेजर, मग जनरल-लेफ्टनंट, जनरल-पोल्कोव्हनिक, आर्मी जनरल आणि वर मार्शल. ब्रिगेडियर कुठे आहे? नाही. म्हणून कर्नलच्या वरचं पहिलं घर जनरल-मेजरचं. नाव मेजर जनरलसारखं वाटलं तरी बसतो आपल्या ब्रिगेडियरच्या ओळीत. जनरल-लेफ्टनंट आपल्या मेजर जनरलच्या ओळीत आणि जनरल-पोल्कोव्हनिक लेफ्टनंट जनरलच्या. नावावर विश्वास ठेवणारा इथे प्रत्येक पायरीला एक घर वर चढतो.

मग दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सैन्य. कोकणातल्या वाचकाला हे लागतंच, कारण आपली माणसं इटलीत त्यांच्यासमोर उभी होती. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मोहिमेची पुस्तकं वाचताना समोरच्या डिव्हिजनचा (बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशा फौजा आकाराने चढत जातात) प्रमुख ‘गेनेराल-लॉइटनांट’ दिसतो आणि वाटतं, आपल्या बाजूला डिव्हिजनवर मेजर जनरल असताना त्यांनी एवढा मोठा माणूस कसा दिला? दिलेला नव्हता. त्या सैन्यात ओबर्स्टच्या वर लगेच गेनेराल-मायोर, त्यावर गेनेराल-लॉइटनांट, मग शाखेच्या नावासह जनरल, जसा पायदळाचा जनरल किंवा रणगाडादळाचा जनरल. त्यावर गेनेराल-ओबर्स्ट आणि मग फील्ड मार्शल. म्हणजे तो डिव्हिजनप्रमुख आपल्या मेजर जनरलच्याच बरोबरीचा. आजच्या जर्मनीत ब्रिगाडे-गेनेराल हा हुद्दा आहे आणि गेनेराल-लॉइटनांट खरोखर तीन ताऱ्यांचा आहे. एकच शब्द, दोन काळ, दोन पायऱ्या.

तिसरी पायरी : ब्रिगेडियर जनरल आहे की नुसता ब्रिगेडियर?

ब्रिटन, भारत, पाकिस्तान, श्रीलंका इथे ‘ब्रिगेडियर’. ब्रिटिश परंपरेत तो जनरल गणला जात नाही, वरिष्ठ कर्नलच्या अंगाने बघतात. अमेरिकेत ‘ब्रिगेडियर जनरल’ आणि तो पूर्ण जनरल. बांगलादेशातही आता ब्रिगेडियर जनरलच म्हणतात. शिडीवर घर एकच, मान थोडा वेगळा. बातमी लिहिताना आपल्या ब्रिगेडियरला ‘जनरल’ म्हणू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

नेपाळची नावं तर आपल्याला तोंडपाठ होतील अशीच आहेत. सहायक रथी, उपरथी, रथी, महारथी: अनुक्रमे ब्रिगेडियर जनरल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. भारत आणि नेपाळ एकमेकांच्या सेनाप्रमुखाला मानद जनरल करतात, त्या बातमीत ‘महारथी’ हा शब्द तुम्हाला दिसेल.

चौथी पायरी : तारे मोजण्याआधी देश विचारा

ही पायरी सावकाश चढा. फोटोवरून हुद्दा सांगण्याची घाई सगळ्यांना असते आणि चूक इथेच होते.

अमेरिकेत ब्रिगेडियर जनरलच्या खांद्यावर एक तारा, तिथून चढत जनरलला चार. खांदा आणि दर्जा यांचा आकडा एकच, म्हणून अमेरिकन फोटो वाचायला सोपा. फ्रान्समध्ये मात्र जनरलची सुरुवातच दोन ताऱ्यांपासून होते. ब्रिगेडचा जनरल दोन तारे, डिव्हिजनचा जनरल तीन, कोअरचा जनरल चार, आर्मीचा जनरल पाच. फ्रान्सचा मार्शल सात तारे लावतो. फ्रेंच अधिकाऱ्याच्या खांद्यावर दोन तारे दिसले की अमेरिकन सवयीने आपण त्याला मेजर जनरल म्हणतो, पण तो ब्रिगेडियरच्या घरातला. साधा नियम: फ्रेंच ताऱ्यांतून एक वजा करा. फ्रेंच नावं मात्र फार सरळ आहेत, जो जेवढी फौज चालवतो तेवढं त्याचं नाव. आणखी एक खोडा आहे. फ्रेंच सैन्यात ‘मेजर’ हा अधिकारीच नाही, तो खालच्या शिडीच्या टोकाचा अनुभवी माणूस. आपल्या मेजरच्या जागी तिथे ‘कोमांदां’ असतो.

चीनमध्ये उलटी तऱ्हा. मेजर जनरलला एक तारा, लेफ्टनंट जनरलला दोन, जनरलला तीन. तीन तारे बघून लेफ्टनंट जनरल म्हणाल तर चुकाल. तो त्यांच्या शिडीचा सर्वांत वरचा माणूस आहे. रशियातही जनरल-मेजर एका ताऱ्यापासून सुरू होतो. चीनची शिडी कर्नलच्या खुंटाने मोजली की कोडं सुटतं: कर्नल, वरिष्ठ कर्नल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. आपल्या ब्रिगेडियरच्या घरात त्यांचा वरिष्ठ कर्नल आला, बाकी नावं आपल्यासमोर सरळ बसली.

पाचवी पायरी : हुद्दा बघून झाला, आता नेमणूक बघा

६ जून २०२० रोजी लडाखच्या सीमेवर मोल्डो इथे चीनशी बोलणी झाली. आपल्या बाजूने लेहच्या १४ व्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग, समोर दक्षिण शिनजियांग लष्करी विभागाचे मेजर जनरल लिऊ लिन. तेव्हा गावोगावी लोकांनी विचारलं, आपला मोठा अधिकारी त्यांच्या धाकट्यासमोर का बसवला? नुसता हुद्दा बघितला तर प्रश्न रास्त होता. पण बोलणी करताना बघतात ते असं की सीमेच्या त्या पट्ट्याचा कारभार कोणाकडे आहे आणि शब्द देऊन तो पाळण्याचा अधिकार कोणाकडे आहे. चिनी सैन्यात माणसाचं वजन त्याच्या पदाच्या पातळीवरून ठरतं, खांद्यावरचा हुद्दा त्याच्या मागून येतो. म्हणून वहीत तिसरा रकाना हवा, ‘नेमणूक’.

दुसरं उदाहरण माझ्या फार आवडीचं. १ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटनच्या माँटगोमेरी यांना फील्ड मार्शल केलं. त्यांचे वरिष्ठ अमेरिकेचे आयझेनहॉवर तेव्हा चार ताऱ्यांचे जनरल होते. म्हणजे हाताखालचा माणूस हुद्द्याने वर गेला, पण हुकूम आयझेनहॉवर यांचाच चालला, कारण सर्वोच्च सेनापतीची नेमणूक त्यांची होती. त्याच डिसेंबरात अमेरिकेने पाच ताऱ्यांचा ‘जनरल ऑफ द आर्मी’ हा हुद्दा काढला आणि २० डिसेंबरला आयझेनहॉवर यांना दिला. ब्रिटिश फील्ड मार्शलच्या बरोबरीला आपला माणूस बसावा, हे त्यामागचं मोठं कारण.

एकाच हुद्द्याच्या दोन माणसांतही अंतर असतं. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या करणारे दोघेही लेफ्टनंट जनरलच होते, आपले जगजितसिंग अरोरा आणि पाकिस्तानचे नियाझी. आपल्याकडे कोअर सांभाळणाराही लेफ्टनंट जनरल आणि पूर्ण कमांड सांभाळणारा आर्मी कमांडरही लेफ्टनंट जनरल. अरोरा हे पूर्व कमांडचे प्रमुख होते.

फौजेच्या आकारावरून ताडायची वेळ आली तर जपून. बटालियन आपल्याकडे आज कर्नलच्या हाती असते, ब्रिटन-अमेरिकेत लेफ्टनंट कर्नलच्या. ब्रिगेड आपल्याकडे ब्रिगेडियरची, अमेरिकेत कर्नलची. म्हणून ‘ब्रिगेड चालवतो म्हणजे ब्रिगेडियर’ असा सरधोपट हिशेब करू नका. आधी शिडीवरचं घर, मग नेमणूक, हाच क्रम ठेवा.

लहान सैन्याचं आणखी वेगळं. इस्रायलमध्ये सर्वोच्च हुद्दा रव-अलूफ, तो फक्त सेनाप्रमुखाला मिळतो आणि इंग्रजीत त्याला लेफ्टनंट जनरल म्हणतात. तीन ताऱ्यांचा माणूस आहे म्हणून त्याच्यावर कोणी चार ताऱ्यांचा शोधत बसू नका.

सहावी पायरी : समुद्रावर गेलात की शब्द बदलतात

आपल्या किनाऱ्यावर हा घोटाळा रोजचा. ‘कॅप्टन’ म्हटलं की तीन वेगळी माणसं डोळ्यांसमोर यायला हवीत. भूदलाचा कॅप्टन खांद्यावर तीन तारे लावणारा तरुण अधिकारी. नौदलाचा कॅप्टन चार सोनेरी पट्ट्यांचा, थेट भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. आणि रत्नागिरी-मालवणच्या घरांतून व्यापारी जहाजांवर गेलेला कॅप्टन हा जहाजाचा मास्टर. त्याची जबाबदारी मोठी, पण तो लष्करी हुद्दा नाही, शिडीवर त्याला शोधू नका.

नौदलात कर्नलच्या घरात कॅप्टन, ब्रिगेडियरच्या घरात कमोडोर, मग रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल, अ‍ॅडमिरल. हवाई दलात ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, एअर चीफ मार्शल. इथे ‘मार्शल’ शब्दाने दचकू नका. एअर मार्शल तीन ताऱ्यांचाच, लेफ्टनंट जनरलच्या ओळीतला. फील्ड मार्शलच्या तोडीचा हुद्दा मार्शल ऑफ द एअर फोर्स, तो २००२ मध्ये अर्जनसिंग यांना मिळाला. अमेरिकन नौदलात रिअर अ‍ॅडमिरल दोन पायऱ्यांचा असतो आणि खालचा रिअर अ‍ॅडमिरल एकाच ताऱ्याचा, आपल्या कमोडोरच्या घरातला.

४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला. त्याच महिन्याच्या शेवटी नौदलाने अ‍ॅडमिरल मंडळींच्या खांद्यावरच्या पट्ट्या बदलल्या. नव्या पट्टीवर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, तलवार आणि दुर्बीण आहे आणि तारे आहेत. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघाल तर ही तारीख लक्षात ठेवा. तारे तेवढेच, बाकी खूण वेगळी.

सातवी पायरी : साल लिहा

जर्मनीचं उदाहरण वर आलंच. चीनने १९६५ मध्ये हुद्देच काढून टाकले आणि १९८८ मध्ये परत आणले. मधल्या काळातल्या चिनी अधिकाऱ्याचा ‘हुद्दा’ विचारण्यात अर्थ नाही, पद विचारा.

आपल्या इतिहासालाही हे लागू आहे. शिवकालात पायदळात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढण होती आणि वर सरनोबत. आजच्या पलटणीत नाईक आणि हवालदार हेच शब्द आहेत, पण आजचा हवालदार आणि त्या काळचा हवालदार एक नव्हे. किल्ल्यावरचा हवालदार तर गडाच्या कारभारातला मोठा माणूस. कान्होजी आंग्रे यांना इंग्रजी पुस्तकं ‘अ‍ॅडमिरल’ म्हणतात. वाचकाला अंदाज यावा म्हणून ते ठीक, पण त्यांचा किताब सरखेल होता आणि तो आपण सरखेलच लिहावा. ओएफ-९ की ओएफ-१० असा आकडा त्यांना चिकटवू नये, असं माझं ठाम मत आहे.

सरावाला एक कागद

मुलांना मी हाच नमुना देतो. मे १९४५ मध्ये बर्लिनला जर्मनीच्या शरणागतीच्या कागदावर सात जणांच्या सह्या झाल्या. जर्मन बाजूने कायटेल, फ्रीडेबुर्ग आणि श्टुम्फ. समोर रशियाचे झुकोव्ह आणि ब्रिटनचे टेडर. साक्षीदार म्हणून अमेरिकेचे स्पाट्झ आणि फ्रान्सचे द लात्र. वहीच्या रकान्यांत एकेकाला बसवा.

कायटेल फील्ड मार्शल, झुकोव्ह सोव्हिएत संघाचे मार्शल: दोघे शिडीच्या टोकाला. टेडर एअर चीफ मार्शल, म्हणजे चार तारे. स्पाट्झ जनरल, खांद्यावर चार तारे. द लात्र आर्मीचे जनरल, खांद्यावर पाच तारे, पण फ्रेंच, एक वजा करा, स्पाट्झच्याच ओळीत आले. श्टुम्फ हवाई दलाचे गेनेराल-ओबर्स्ट. ‘ओबर्स्ट’ म्हणजे कर्नल म्हणून त्यांना खाली ढकलू नका, त्या काळच्या जर्मन शिडीत ते फील्ड मार्शलच्या लगेच खाली, चार ताऱ्यांच्या घरात. फ्रीडेबुर्ग यांचा हुद्दा गेनेराल-अ‍ॅडमिरल, नौदलातली तीच पायरी.

आता त्याच पानावर तिसरा रकाना भरा, नेमणुकीचा. मग टेडर चार ताऱ्यांचे असून झुकोव्हच्या शेजारी स्वीकारणाऱ्याच्या जागी का आहेत आणि तेवढ्याच ताऱ्यांचे स्पाट्झ साक्षीदाराच्या जागी का, ते शोधा. टेडर त्या दिवशी आयझेनहॉवर यांच्या वतीने आले होते. पानाच्या डोक्यावर तारीख टाकायला विसरू नका.